ओकच्या गाठीतली वास्प आणि तिला नाव मिळेपर्यंतचा माझा अनुभव

नवीन कीटक शोधलास म्हणजे नक्की काय केलंस, असं नातेवाइकांपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत खूप जणांनी विचारलं, आणि फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी राहुरीला एमएस्सी ॲग्री केलं, एन्टोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र घेऊन, आणि सध्या टेक्सासमध्ये पीएचडी करतेय. विषय आहे ओकच्या झाडांवर गाठी करणाऱ्या वास्प. वास्प म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गांधीलमाशी येते पण ह्या तशा नाहीत, एक ते पाच मिलिमीटरच्या, माणसाला डंख वगैरे काही मारत नाहीत. मादी झाडाच्या कोवळ्या भागात अंडं घालते, अळी आत वाढायला लागली की झाड तिच्याभोवती गाठ तयार करतं, इंग्रजीत गॉल म्हणतात ते, आणि अळीला खाणं आणि घर दोन्ही त्या गाठीतच मिळतं. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेच्या सातवीणीच्या पानांवर फोड आलेले असतात ना, ती पण गाठच, फक्त करणारा किडा वेगळ्या जातकुळीचा. आईला हे सांगताना मी मायफळाचं उदाहरण दिलं, बाळगुटीत उगाळतात ते, ते फळ नाहीच, पश्चिम आशियातल्या एका ओकवर अशीच वास्प जी गाठ करते ती वाळवून आपल्याकडे येते. आई म्हणाली, "अगं मग तुम्हाला सगळ्यांना मी किड्याचं घर चाटवलं की." हो, तेच.

अमेरिकेत ओकच्या साधारण ९० जाती आहेत आणि मेक्सिकोत त्याहून जास्त, १६० च्या आसपास. ह्या वास्पचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक जातीची गाठ ठरलेली असते, ठरावीक ओक, ठरावीक जागा (पान, देठ, कळी, फांदी, मूळ, काही तर ओकच्या फळाच्या आत), ठरावीक आकार. त्यामुळे किडा न बघता नुसत्या गाठीवरून पण बरंच सांगता येतं, आणि म्हणूनच इथे हौशी लोकांचा ह्या कामात खूप मोठा हात आहे. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गातल्या नोंदींच्या वेबसाइटवर लोक गाठींचे फोटो टाकतात, ज्या गाठींच्या किड्याला अजून शास्त्रीय नाव नाही त्यांना ओकचं नाव, जागा आणि आकार जोडून एक कच्चं नाव देतात, आणि अशा बिननावाच्या गाठींची यादी बघितली की डोकं गरगरतं. अमेरिकेसारख्या देशात, घरामागच्या झाडावर, नाव नसलेले प्राणी राहतात हे मला इथे येईपर्यंत खरं वाटलं नसतं.

माझी गाठ पोस्ट ओक नावाच्या ओकच्या पानाच्या देठावर होती, ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा, बाहेरून हिरवा, कापला की आत एकच खोली आणि त्यात पांढरी अळी. कोणत्याच पुस्तकातल्या गाठीशी जुळेना. लुईस वेल्ड नावाच्या माणसाने १९५७ ते १९६० मध्ये अमेरिकेतल्या गाठींची भागवार हँडबुकं काढली होती, आमचं काम आजही त्यांच्याशिवाय हलत नाही, त्यातही नाही. पण आयनॅचरलिस्टवर शोधलं तर हीच गाठ तीनचार काउंटींमधून लोकांनी टाकलेली, कोणी कुत्र्याला फिरवताना, कोणी अंगणात. ते फोटो नसते तर ही गाठ एकाच झाडावरची भानगड आहे की खरंच पसरलेली जात आहे हे मला कळायला कितीतरी जास्त वेळ लागला असता.

मग परवानग्या. टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, म्हणजे झाडाला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं, आणि स्टेट पार्कमधून घ्यायचं असेल तर सायंटिफिक परमिटसाठी अर्ज करायचा. रँचवाले लोक सुरुवातीला संशयाने बघतात पण एकदा गाठ कापून आतली अळी दाखवली की मग तेच फोन करून सांगतात, अमुक झाडावर आणखी आल्यात, ये.

गाठी आणून जाळी लावलेल्या पारदर्शक कपात ठेवायच्या, प्रत्येक कपावर तारीख, जीपीएस, ओकची जात, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि मग रोज सकाळी बघायचं काय बाहेर आलं. बाहेर येणारा प्रत्येक किडा गाठ करणारा असतोच असं नाही, उलट बऱ्याचदा तो नसतोच. माझ्या कपात आधी निघाली ती निळी-हिरवी चमकणारी, पोटावर खड्ड्यांच्या रांगा असलेली ऑर्मायरस, म्हणजे गाठीतली अळी खाऊन वाढलेली परोपजीवी. ॲग्रीवाल्यांना ट्रायकोग्रामा माहीत आहे, त्या धंद्यातली ही लांबची बहीण समजा. आता ह्यातही गंमत बघा, ऑर्मायरस लॅबोटस म्हणून एक जात पुष्कळ वेगवेगळ्या गाठींमधून निघते असं वर्षानुवर्षं मानलं जायचं, २०२२ मध्ये डीएनए आणि कोणती कुठल्या गाठीतून निघते हे सगळं एकत्र तपासलं तर त्या एका नावाखाली किमान १६ जाती निघाल्या! म्हणजे मी एक बिननावाचा किडा शोधतेय आणि त्याला खाणारे पण बिननावाचे.

शिवाय काही किडे दुसऱ्याने केलेल्या गाठीत भाडेकरू म्हणून घुसतात. आणि युडेरस सेट नावाची आणखी एक परोपजीवी वास्प, जिचं वर्णन २०१७ मध्ये आलं, ती तर कमालच करते. लाइव्ह ओक ह्या दुसऱ्या ओकच्या फांदीत बॅसेटिया पॅलिडा नावाची वास्प राहते, युडेरसची लागण झाली की ती बाहेर पडायचं भोक नेहमीपेक्षा लहान करते, त्यात तिचं डोकं अडकतं, आणि मग युडेरस तिला आतून खाऊन तिच्या डोक्यातूनच भोक पाडून बाहेर येते. इजिप्शियन देव सेट, त्याने भावाला पेटीत कोंडलं होतं, त्याच्यावरून नाव. हे सगळं सांगायचं कारण, कपातून निघाली म्हणून तीच गाठ करणारी, असं म्हणता येत नाही, ते सिद्ध करायला लागतं. एकाच प्रकारच्या गाठींतून पुन्हा पुन्हा तीच वास्प निघाली, शरीराची ठेवण गाठ करणाऱ्या कुळातली निघाली, गाठ कापून काढलेल्या अळीचा डीएनए तिच्याशी जुळला, तेव्हा कुठे माझं मला पटलं.

पण खरी डोकेफोड पुढे आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. ह्या वास्पच्या बऱ्याच जातींमध्ये वर्षाला दोन पिढ्या असतात, एका पिढीत नुसत्या माद्या, दुसरीत नर-मादी दोन्ही, आणि दोन पिढ्यांच्या गाठी वेगळ्या, दिसायला वास्पही वेगळ्या. लाइव्ह ओकवरच्या बेलोनोक्नेमा ह्या वास्पचं घ्या, एका पिढीच्या गोल गाठी पानाखाली, दुसऱ्या पिढीच्या जमिनीत मुळांवर. आता जुन्या काळी नावं देणाऱ्यांना कसं कळणार की आई आणि मुलगी इतक्या वेगळ्या दिसतात, त्यामुळे एकाच जातीला दोन नावं दिली गेल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. म्हणजे माझ्यापुढे प्रश्न हा की ही खरंच नवीन जात आहे की एखाद्या जुन्या, नाव असलेल्या जातीची न सापडलेली दुसरी पिढी आहे?

ह्यूस्टनमधल्या राइस युनिव्हर्सिटीचं उदाहरण मी त्या काळात कितीदा तरी वाचलं असेल. तिथे कॅम्पसवरच, वल्हाला नावाच्या विद्यार्थ्यांच्या पबबाहेरच्या लाइव्ह ओकवर एक मिलिमीटरभर लांबीची वास्प सापडली, वसंतात फुलोऱ्यातून निघणारी, आणि तिची दुसरी पिढी कुठे असते ते शोधून काढून मग २०२२ मध्ये न्यूरोटेरस वल्हाला हे नाव छापलं गेलं. रोज शेकडो लोक जातात त्या झाडावर! दोन्ही पिढ्या जोडून दाखवल्या म्हणून मला तो पेपर फार आवडतो, वर्णन असंच असायला पाहिजे.

माझ्याकडे एकच पिढी, त्यामुळे डीएनएवर भिस्त. वास्पचा एक पाय काढायचा, त्यातून सीओवन नावाच्या जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा. प्राण्यांच्या जाती ह्या तुकड्यावरून ओळखायची कल्पना २००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ युनिव्हर्सिटीच्या पॉल हेबर्ट यांनी जोरात मांडली आणि आता तो बारकोड म्हणूनच चालतो. पोस्ट ओक आणि त्याच्या जवळच्या ओकवरच्या ज्या ज्या जातींचे बारकोड उपलब्ध होते त्या कशाशीच माझी वास्प जुळली नाही, जिथे डेटा नव्हता तिथे स्वतः गाठी जमवून वाचायला लागला.

डीएनए झाला म्हणून वर्णन होत नाही. वास्प वाळवून त्रिकोणी कार्डाच्या टोकावर गोंदाच्या टिपक्याने चिकटवायची, उजव्या बाजूने, पंख आणि पाय मोकळे राहतील अशी, आणि मायक्रोस्कोपखाली डोक्यापासून सुरुवात करायची. मिशांचे भाग मोजायचे, प्रत्येकाची लांबी-रुंदी, पाठीवर दोन उभ्या खाचा असतात त्या पुढपर्यंत पोचतात की मध्येच विरतात, खाचांमधली जागा गुळगुळीत की कातड्यासारखी खरबरीत, पंखाच्या कडेचा कप्पा उघडा की बंद, पोटाखालचा छोटा काटा किती लांब आणि त्यावरचे केस कसे. माझ्या वास्पचा काटा आखूड आणि केस विरळ, आणि नुसत्या ह्या एका वाक्यापर्यंत पोचायला इतर जातींचे काटे किती बघितले त्याला गणती नाही.

मग जुन्या जातींशी तुलना. कायदा असा आहे की प्राण्यांची नावं १७५८ पासून मोजायची, लिनीअसच्या 'सिस्टिमा नॅचुरी' ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, आणि जे नाव आधी छापलं ते खरं. गाठीवाल्यांसाठी आणखी एक कलम आहे, १९३१ च्या आधी कोणी किडा न बघता नुसत्या गाठीचं वर्णन करून नाव दिलं असेल तरी ते नाव चालतं! म्हणून बॅसेट, ॲशमीड ह्या एकोणिसाव्या शतकातल्या लोकांचं एकूण एक वर्णन वाचायला लागतं. सुदैवाने ते बहुतेक सगळं स्कॅन करून फुकट ठेवलंय, पण त्यातलं वर्णन कधी कधी चार ओळींचं, "पिवळसर, गुळगुळीत", एवढ्यावर काय ओळखणार? शेवटी वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियममध्ये जाऊन मूळ नमुने बघितले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची टाचणी, खाली कागदाचा कपटा, त्यावर बारीक अक्षरात फक्त राज्याचं नाव, कुठलं गाव, कुठला ओक, काही नाही. पण वास्प मात्र शाबूत. तिच्या पाठीवरच्या खाचा माझ्या डोळ्यांनी बघितल्या आणि दोन जाती तिथल्या तिथे यादीतून बाद झाल्या.

आल्फ्रेड किन्सीचं नाव बऱ्याच जणांना वेगळ्याच, माणसांच्या लैंगिक वर्तनावरच्या संशोधनामुळे माहीत असेल, तो मुळात आमच्यातला. त्याने जमवलेल्या गाठी आणि वास्प न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहेत, पन्नास लाखांच्या वर नमुने.

आता लिहिणं. नवीन जातीसाठी एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून ठरवायचा, लाल लेबल लावायचं, तो कुठल्या म्युझियममध्ये ठेवणार ते पेपरात लिहायचं. वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने, त्यांना पॅराटाइप म्हणतात, मी मुद्दाम वेगवेगळ्या म्युझियममध्ये वाटतेय. रिओ दि जानेरोचं नॅशनल म्युझियम २ सप्टेंबर २०१८ ला जळलं तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास कीटकांचा संग्रह गेला, त्यात कित्येक होलोटाइप. ते फोटो बघून आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी कोणी काम केलं नाही.

नाव ठेवताना जीनसचं, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाचं, लिंग बघून दुसऱ्या शब्दाचा शेवट करायला लागतो, आपल्याकडे विशेषण बदलतं तसंच, म्हणून मला जड गेलं नाही. पेपर फक्त ऑनलाइन येणार असेल तर आधी झूबँक ह्या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. नाव मी इथे लिहीत नाहीये कारण वर्णनाआधी नाव बाहेर फिरायला लागलं की पुढच्यांचा गोंधळ होतो.

एवढं सगळं कशाला, बारकोड आणि एक फोटो टाकून मोकळं व्हावं, असं म्हणणारेही आहेत. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेत जॅन्झेन आणि हॉलवॉक्स हे दोघे शास्त्रज्ञ १९७८ पासून अळ्यांची नोंद ठेवतायत, स्थानिक लोकांना तयार करून, आणि तिथल्या परोपजीवी वास्पच्या ४०३ नवीन जाती २०२१ मध्ये एकाच पेपरात जवळपास बारकोडवरच छापल्या गेल्या, त्यावर खूप वाद झाला. घाई मला समजते, जंगलं जातायत आणि कीटक मोजणारी माणसं थोडी. पण राहुरीसारख्या ठिकाणी बसलेल्या मुलीकडे सिक्वेन्सिंगला पैसे नसतील, मायक्रोस्कोप असेल, तिला ती जात ओळखता आली पाहिजे. म्हणून मी दोन्ही करते आणि करत राहीन.

पेपर सध्या रिव्ह्यूमधून परत आलाय, एका रिव्ह्यूअरने पंखाचे जास्त स्पष्ट फोटो मागितलेत, ते काढून झालेत. दुसरी पिढी अजून मिळालेली नाही, माझा अंदाज ती वसंतात कळीत किंवा फुलोऱ्यात असणार. तर टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सॉ ह्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती, मार्चमध्ये पोस्ट ओकला तुरे आले की जरा जवळून बघा, काही फुगलेलं दिसलं तर गाठीचा फोटो, पूर्ण पानाचा फोटो आणि खोडाचा फोटो असे तिन्ही आयनॅचरलिस्टवर टाका. पान नक्की टाका, ओक कुठला ते कळलं नाही तर गाठीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. आणि तोडून घरी नेलीत तर हवा बंद डब्यात ठेवू नका, बुरशी येते, कपाला पातळ कापड बांधा आणि तारीख लिहा.