साक्षीचा शेवट

आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याच्या, धंद्यात ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिका हे ठरलेले काम असते. अध्यक्षांचे मनोगत, पाळकांच्या शुभेच्छा आणि जाहिराती यांचा मजकूर दरवेळी जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तो लावताना फारसे वाचावे लागत नाही. लक्ष देऊन वाचाव्या लागतात त्या सभासदांच्या साक्षी, म्हणजे त्यांनी सांगितलेले श्रद्धेचे अनुभव. नगरमधल्या एका मंडळीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम चालू असताना अशा एका साक्षीच्या शेवटच्या परिच्छेदावरून माझा अख्खा दिवस गेला.

साक्ष एका निवृत्त परिचारिकेची होती; त्यांनी सांगितली आणि मी लिहून घेतली होती. तरुणपणी मस्कतच्या एका रुग्णालयात त्यांची निवड झाली होती, व्हिसा हातात आला होता आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणापासून घराच्या बांधकामापर्यंतचा सगळा हिशेब त्या पगारावर मांडून झाला होता; तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या गेल्या नाहीत. पुढे इथल्याच एका रुग्णालयात त्यांनी तुटपुंज्या पगारावर, बहुतेक रात्रपाळीत, नोकरी केली. वडील बरे झाले नाहीत. घराचा वरचा मजला कधी चढला नाही. ‘माझे जाणे राहिले त्यात देवाची काय योजना होती, हे मला आजही कळलेले नाही, उपासना आणि प्रार्थना मात्र मी सोडली नाही,’ येथे साक्ष संपत होती.

प्रूफ परत आले तेव्हा मंडळीच्या चिटणीसांनी खाली स्वतःच्या अक्षरात एक परिच्छेद जोडलेला दिसला. त्यात वडील हळूहळू चालू लागले होते आणि विमानाचा आवाज आला की सिस्टर आकाशाकडे पाहून देवाचे आभार मानीत होत्या. मी फोन केला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परदेशातल्या नोकरीच्या आशेवर असलेली मंडळीतली मुले ही स्मरणिका वाचणार, त्यांचे हातपाय गळू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. देवाने प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जाऊ दिले नाही म्हणून तो मासेदोनियात गेला, हा बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला 16 वा अध्यायही त्यांनी मला ऐकवला.

शब्दांकन करणाऱ्याने वाक्ये पुढेमागे करावीत, पुनरुक्ती काढावी, बोलण्यातले तुटक वाक्य छापण्याजोगे करावे, एवढी मोकळीक या कामात गृहीतच आहे. सांगणाऱ्याच्या आयुष्यात प्रसंग घालण्याची मोकळीक कोणी दिलेली नाही. नगरच्या ख्रिस्ती माणसाला तर याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. 1895 मध्ये कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडीच मोडली. तो संताप, ती ताटातूट, नवऱ्याजवळ परत आल्यानंतरही पाळलेले सोवळेओवळे, यांतले काहीही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात झाकले नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मधला. मधल्या वर्षांना श्रद्धेचा मुलामा दिला असता तर पुष्कळांना ते रुचलेही असते, पण त्या पुस्तकावर वाचकांचा जो विश्वास बसला तो बसला नसता.

मला स्वतःला पाळक व्हायचे होते. घरच्या परिस्थितीमुळे मी या धंद्यात आलो, आणि छपाई हीदेखील सेवाच आहे, असे भेटणारा प्रत्येक जण मला सांगत असे. असेलही. पण ज्या दिवसांत मी ते ऐकत होतो त्या दिवसांत मला त्याचा रागच येई. म्हणून जोडलेला परिच्छेद सिस्टरांना दाखवल्याशिवाय मी लावणार नाही, असे चिटणीसांना स्पष्ट सांगितले.

संध्याकाळी दोघेही आले, सलाम झाला, चहा झाला. सिस्टरांनी चष्मा लावून परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, ‘रात्रपाळी करून आल्यावर मी दिवसा झोपत होते. विमान कुठून ऐकणार?’ वडिलांच्या चालण्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती पेन्सिलीने काट मारली. चिटणीसांनी पुन्हा बिथुनियाचा दाखला काढला. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पौलाला स्पेनलाही जायचे होते. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, 15 व्या अध्यायात, दोनदा लिहिले आहे त्याने. तो तिथे पोचला, असे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा.’ परंपरा तसे सांगते, असे चिटणीस म्हणाले. ‘मी शास्त्राचे विचारते आहे,’ सिस्टर म्हणाल्या. चिटणीस रविवारच्या शाळेत शिकवतात. शास्त्रात तसे कुठे नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

बिथुनियाचा विचार त्यांना इतका महत्त्वाचा वाटत असेल तर तो त्यांनी संपादकीयात, स्वतःच्या नावाने मांडावा, असे मी सुचवले, आणि त्यांनी तिथेच बसून चार ओळी लिहून दिल्या; त्या चांगल्या होत्या. साक्षीखाली सिस्टरांचे नाव आणि त्याखाली लहान अक्षरांत शब्दांकन करणारा म्हणून माझे, असे ठरले. परिच्छेद काढल्यामुळे पानाच्या तळाशी जागा उरली. ती कोरी सोडायला चिटणीस तयार होईनात, तेव्हा एका मंडप डेकोरेटरची जाहिरात शिल्लक होती ती तिथे बसवली.