१२ वर्षांनंतर पुन्हा कॉकपिटमध्ये: उजळणीच्या चार दिवसांचा वृत्तांत

खासगी वैमानिकाचा परवाना मिळवून सुमारे १४० तास उड्डाण केल्यानंतर माझी १२ वर्षे जमिनीवरच गेली. पुन्हा उडायचे ठरवल्यावर मी सलग चार दिवस राखून ठेवले. पहिले तीन दिवस प्रशिक्षकांसोबत सराव करायचा आणि चौथ्या दिवशी ६० सागरी मैलांवरील दुसऱ्या धावपट्टीवर जाऊन परत यायचे, असा बेत होता. विमान सेसना १७२ एन हे एका इंजिनाचे छोटे विमान होते. माझे बहुतेक तास याच विमानावर झाले होते, आणि परतणाऱ्याने ओळखीचेच विमान निवडावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

वैद्यकीय तपासणी आधी उरकून घ्या, कारण तिथे काही अडले तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. त्यानंतर विमानाची पुस्तिका घेऊन रोज अर्धा तास खुर्चीत बसावे, डोळे मिटून प्रत्येक स्विचकडे हात न्यावा आणि चेकलिस्ट मोठ्याने म्हणावी. मी हे तीन आठवडे केले, त्यामुळे १७०० आरपीएमवरची (मिनिटाला १७०० फेऱ्यांवरची) मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेची तपासणी आणि कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू नये म्हणून दिली जाणारी गरम हवा, या गोष्टी पहिल्याच दिवशी बिनचूक झाल्या.

हवेत गेल्यावर मात्र खरी उणीव कळली. हात फारसे विसरले नव्हते, पण मन विमानाच्या मागे पडत होते. सर्किटमधील (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतील) डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्यावर, रेडिओवरून स्थान कळवून होईपर्यंत वेग कमी करण्याची वेळ टळून जाई, मग वळण उशिरा होई आणि अंतिम टप्प्यात मी उंच आणि वेगात येई. ६५ नॉटऐवजी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ७५ नॉटने आलेले विमान धावपट्टीवर जमिनीलगत तरंगत राहते, आणि तेवढ्यात निम्मी धावपट्टी संपते. प्रशिक्षकांनी यावर उपाय सुचवला तो असा: प्रत्येक टप्प्यावर पुढची दोन कामे मोठ्याने बोलायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एवढ्या एका सवयीने माझी निम्मी घाई गेली.

लँडिंगमध्ये माझी नजर विमानाच्या नाकासमोरच्या जमिनीवर खिळत होती, म्हणून मी फार उंचावरच नाक उचलत होते. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे नेली की उंचीचा अंदाज आपोआप परत येतो. टेक-ऑफनंतर उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाचे पेडल) पुरेसा न दाबणे ही माझी दुसरी चूक होती. पूर्ण शक्तीवर चढताना या विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते आणि पाय हे विसरलेले असतात.

गो-अराउंडचा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याचा सराव मुद्दाम मागून घ्या. पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) आणि त्यानुसार बसवलेला ट्रिम (नियंत्रणावरचा जोर हलका करणारी सोय) असताना थ्रॉटल पूर्ण देऊन इंजिनाची शक्ती वाढवली की नाक जोराने वर उसळते. ते पुढे दाबून धरायचे, कार्ब्युरेटर हीट बंद करायची आणि फ्लॅप लगेच २० अंशांवर आणायचे, हा क्रम मेंदूने नव्हे तर हातांनी पाठ करायला हवा. स्टॉलच्या, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखांची उचल कमी होण्याच्या सरावातही पंख एका बाजूला झुकला की तो एलेरॉनने (पंखांच्या टोकाकडील, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांनी) उचलण्याची जुनी ओढ उसळून येते. आधी नाक खाली, मग बाकीचे सर्व.

चौथ्या दिवशी निघण्याआधी प्रशिक्षकांनी मार्ग दाखवणारा टॅबलेट बॅगेत ठेवायला लावला आणि नकाशा, घड्याळ व होकायंत्र यांवर जायला सांगितले. ३० मैलांवर नदीचे वळण ओळखले तेव्हा आम्ही ठरलेल्या मार्गाच्या दोन मैल उजवीकडे होतो. ६० मैलांत एक मैल चूक म्हणजे एक अंश, या जुन्या हिशेबाने ३० मैलांत दोन मैल म्हणजे चार अंश. उरलेले अंतर तेवढेच असल्यामुळे गंतव्य गाठायला आणखी चार, म्हणून मी डावीकडे आठ अंश वळले. १५ मिनिटांनी धावपट्टी नाकासमोर दिसली, तेव्हा झालेला आनंद पहिल्या एकट्या उड्डाणापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

रेडिओची भीती वाटत असेल तर पहिल्या संपर्काचे वाक्य गुडघ्यावरच्या पाटीवर लिहून ठेवा, आणि विमानतळाच्या नियंत्रण टॉवरकडून मिळालेली धावपट्टीची परवानगी शब्दशः परत वाचा. कळले नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही.

परतीचा मार्ग शांत गेला. प्रवासी नेण्यासाठी अनेक देशांत गेल्या ९० दिवसांतील तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग आवश्यक असतात. माझी ती संख्या आता पूर्ण आहे, तरी पुढील दोन उड्डाणे प्रशिक्षकांसोबतच करायचे मी ठरवले आहे. वाऱ्याचा आडवा झोत या चार दिवसांत आठ नॉटपलीकडे गेला नाही, आणि तो सराव अजून बाकी आहे.