स्मार्ट कमोड आणि गच्चीवरची टाकी

आईचा उजवा खांदा आखडला. फ्रोजन शोल्डर. हात मागे जाईना, त्यामुळे जेट स्प्रे धरणं ही रोजची शिक्षा झाली. ती काही बोलली नाही. बाहेर जायचं असलं की आदल्या रात्रीपासून कमी खायला लागली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आणि मी स्मार्ट कमोड बघायला निघालो.

शोरूममध्ये मी भारावलो, हे कबूल करतो. जवळ गेलं की झाकण आपोआप उघडतं, सीट कोमट, धुणं, वाळवणं, उठलं की फ्लश. किंमत पाऊण लाखाच्या पुढे. विक्रेत्याने रिमोटचं एकेक बटण समजावलं, पण तुमच्याकडे पाणी कुठून येतं, हे काही विचारलं नाही. ते विचारलं आमच्या प्लंबरने. तो ओडिशातल्या केंद्रपाड्याचा (देशभरातले कितीतरी प्लंबर त्याच भागातले). माहितीपत्रक उलटसुलट करून म्हणाला, "साहब, टंकी कितना ऊपर है?"

आम्ही कोथरूडमधल्या जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी कमोडच्या जेमतेम ३ मीटर वर. बिनटाकीचा कमोड थेट नळाच्या दाबावर फ्लश होतो आणि मला आवडलेल्या मॉडेलला किमान ०.०७ मेगापास्कल दाब हवा होता. १० मीटर उंचीवरच्या पाण्याने साधारण ०.१ मेगापास्कल मिळतो. म्हणजे हवेत ७ मीटर, आहेत ३. तळमजल्यावरच्यांचं आरामात भागलं असतं. आम्हाला वारा भरपूर, पाण्याला जोर नाही.

शिवाय 'सेंटर' जुळेना. भिंतीच्या टाइलपासून ड्रेनच्या मध्यापर्यंतचं अंतर आमच्याकडे ९ इंच, मॉडेलला लागणार १२. फरशी फोडली असती तर प्रकरण खालच्या काकूंच्या छतापर्यंत गेलं असतं.

खरा धक्का दिला तो कमोडच्या विजेसाठी बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने. गीझरच्या पॉइंटवर त्याने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगला लावला, तर दिवा पेटेचना. तीन पिनांचा सॉकेट होता, अर्थिंगची वायर आत कुठेतरी तुटलेली. इतकी वर्षं आम्ही त्याच गीझरच्या पाण्याने निर्धास्त अंघोळी केल्या! अर्थिंग नीट करून घेतलं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. कमोड घेतला नसता तरी हा खर्च करायलाच हवा होता.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये सुचतच नाही. तिथली बाथरूम कोरडी असते. आपल्याकडे कमोडच्या शेजारीच बादली-तांब्याने अंघोळ. वर आठवड्यातून एकदा फरशी घासून पाणी ओततो ते वेगळंच. उपकरणावर आयपीएक्स४ (पाण्यापासून किती बचाव, त्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तर शिंतोडे चालतात, पाइपचा फवारा नाही. म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा लावला.

शेवटी अख्खा स्मार्ट कमोड घेतलाच नाही. ९ इंच सेंटरचा, मागे टाकी असलेला साधा कमोड घेतला आणि त्यावर धुणं-वाळवणं करणारी इलेक्ट्रॉनिक सीट. जुन्या कमोडवर ती बसली नसती: त्याची लांबी मागच्या भोकांपासून पुढच्या कडेपर्यंत ४३ सेंटिमीटर, सीटला ४७ हवी होती. सीटच्या फवाऱ्यालाही दाब लागतोच, म्हणून त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप आणि आधी एक फिल्टर. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं, पण मे महिन्यात टँकर सुरू झाले की नोझलवर क्षार धरतात. वीज गेली तर धुणं बंद, फ्लश मात्र चालू. उद्या सीट बिघडली तर तेवढीच काढून बदलता येईल, कमोड उखडावा लागणार नाही. जेट स्प्रेही जागच्या जागी ठेवलाय.

आईने पहिल्या दिवशी नळासारखं समजून चुकून सगळ्यात जोराचं बटण दाबलं आणि आतूनच ओरडली, "अरे, हे बंद कसं करायचं?" मग मी धुणं आणि बंद या दोन बटणांवर लाल-हिरवी टिकली चिकटवली. बाकीची बटणं तिने आजवर दाबलेली नाहीत. वाळवणं तिला पटतच नाही, त्यासाठी तिचा नॅपकिन वेगळा.

पंप मात्र रात्री घुर्र करतो. खालच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलंच, "तुमच्याकडे मिक्सर इतक्या रात्री?" आता त्याच्याखाली रबराची चटई घातली आहे.