विलर्ड बेवर ट्यूबमध्ये बसून: वॉलाय, कॅटफिश आणि एक हरवलेलं फिन

डाव्या पायातलं फिन, म्हणजे पाणी मागे लोटायचं रबरी वल्हं, निसटलं तेव्हा मी काठापासून चांगला पाव मैल आत होतो. आधी काही कळलंच नाही. पाय तर मारतोय, पण जागचा हलायच्या ऐवजी गोल फिरतोय. समोर डोंगर, मग बांध, मग परत डोंगर.

"काय करून राहिला बे?" मित्राने लांबून विचारलं. तो मूळचा नागपूरचा, मी गुहागरकडचा, आणि दोघंही बरीच वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या आसपास.

"फिन गेलं!"

"गेलं म्हंजे?"

"बुडालं!"

यावर तो इतका हसला की त्याची ट्यूबही डुलायला लागली. गळ आणि आमिषाचं पुढे सांगतोच, पण फ्लोट ट्यूबवर जाणाऱ्याने आधी पायांचा विचार करावा म्हणून सुरुवात इथून केली.

फ्लोट ट्यूब काय असते हे गावच्या विहिरीत ट्रकची ट्यूब घेऊन पोहायला शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्याच ट्यूबला बसायला आसन, पाठ टेकायला फुगवलेली उशी, दोन्ही बाजूंना खिसे आणि मांडीवर जाळीचा पडदा लावला की झाली फ्लोट ट्यूब. आता गोल कुणी फारसं वापरत नाही, यू किंवा व्ही आकाराच्या मिळतात. पुढची बाजू उघडी असल्यामुळे आत बसणं सोपं आणि गरज पडली तर बाहेर पडणंही. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी विजार, घालायचे, पायांत फिन चढवायची आणि पाठमोरं चालत पाण्यात शिरायचं. पुढच्या बाजूने चालायला गेलात तर फिन दुमडून तोंडावर आपटाल. पाण्यातही सगळा प्रवास उलटाच, पाठ जाईल त्या दिशेला.

आम्ही गेलो ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मेमोरियल डेची सुट्टी उलटल्यावरच्या गुरुवारी, दोघांनी रजा टाकून. त्या लांब सुट्टीत चुकूनही जाऊ नका. स्पीडबोटी, जेट-स्की आणि त्यांच्या मागून ओढली जाणारी पोरं यांच्यामध्ये ट्यूबवर बसणं म्हणजे दादरच्या पुलाखाली संध्याकाळी रस्त्यात खुर्ची टाकण्यासारखं आहे.

सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला आंतरराज्य महामार्ग १५ पकडला की तासाभरात विलर्ड बे हा जलाशय येतो. नॉर्थ मरीनाला, म्हणजे उत्तरेकडच्या बोटींच्या धक्क्याला, जायला ३५७ नंबरची एक्झिट. धरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोयनेसारखं काहीतरी येतं, दोन डोंगरांमधली भिंत आणि मागे दरीत भरलेलं पाणी. इथे डोंगर फक्त पूर्वेला, वासॅचची रांग, अगदी अंगावर आल्यासारखी. बाकीकडे सपाट मैदान. त्या मैदानावर साडेचौदा मैल लांबीचा मातीचा बांध वळवून आणलाय आणि त्याच्या आत पाणी साठवलंय. १९६४ साली हे काम पुरं झालं. त्याआधी ही जागा ग्रेट सॉल्ट लेकची खाडी होती. बांध घातला, आतलं खारं पाणी काढून टाकलं आणि वीबर नदीचं गोडं पाणी कालव्याने आणून भरलं. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. आमच्याकडे खाडीला बांध घालून खार जमीन भाताखाली आणतात, इथे तेच जरा मोठ्या हिशोबाने केलंय. आजही बांधावर चढून पश्चिमेला पाहिलं की पलीकडे मिठाच्या सरोवराचा ओसाड काठ आणि अलीकडे गोड्या पाण्यातले मासे. खालची माती इतकी मऊ आहे की २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बांधाखालून पाणी झिरपून माती वाहायला लागली होती आणि बांध फुटता फुटता वाचला. मित्राला हे मी पाण्यात असताना सांगितलं. तेव्हा सांगायला नको होतं.

आता मे अखेरच का? या जलाशयात १९९० च्या सुमारास गिझर्ड शॅड नावाचा मासा आणून सोडला. आपल्या पाल्याच्या गोतावळ्यातला, चपटा, रुपेरी, भरपूर पिल्लं घालणारा. वॉलाय, वायपर, कॅटफिश सगळे त्याच्यावर जगतात. उन्हाळा चढला की शॅडची नवी पिल्लं लाखांनी होतात आणि मग मोठ्या माशाला तुमच्या गळाकडे बघायचं कारणच उरत नाही. मे अखेरीस पिल्लं अजून खाण्याजोगी झालेली नसतात, मागच्या वर्षीचे शॅड बरेचसे संपलेले असतात आणि पाणी तापू लागल्याने माशांना भूक तर लागलेली असते. ही दोन-चार आठवड्यांची फट आहे. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळी पाणी ६२ फॅरनहाइट होतं.

वॉलायला मराठी नाव नाही आणि मी ठेवणारही नाही. सोनेरी-हिरवट लांबट मासा, पाठीवर काटेरी पंख, तोंडात खरोखरचे दात, आणि डोळे मांजरासारखे चमकणारे, कारण डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे गढूळ पाण्यात आणि अंधारात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं. भर उन्हात, संथ स्वच्छ पाण्यात तो खाली दबून बसतो. म्हणून पहाट, संध्याकाळ, नाहीतर वाऱ्याने पाणी थोडं खवळलेलं असताना जावं. इथे पाणी कुठेच फार खोल नाही, बांधाची उंचीच ३६ फूट. आम्हाला सगळे मासे दहा ते पंधरा फुटांत मिळाले.

पद्धत साधी आहे. तळाला घासत जाणारं वायरचं वजन, त्यामागे तीन-चार फूट दोरी, तिच्यावर फिरणारं पातं, चार-पाच मणी आणि दोन गळ. गळांना मोठं गांडूळ लांब ताणून लावायचं. गोळा करून लावलंत तर ते पाण्यात गरगरत राहतं आणि दोरीला पीळ पडतो. पात्याचा रंग पोपटी किंवा नारिंगी. हे सगळं तासाला मैलभर वेगाने ओढायचं, आणि ट्यूबची गंमत इथेच आहे. मोटरबोटवाल्यांना इतकं हळू जाणं अवघड पडतं. इंजिन पुढे-मागे करत, पाण्यात बादल्या सोडून बोट अडवत त्यांची तारांबळ चालते. आपण निवांत पाय हलवले की आपोआप तोच वेग. दमलो की थोडं हळू, गप्पांत आलो की आणखी हळू, आणि नेमका त्या बदलात मासा गळ घेतो. पहिला वॉलाय मला मित्राचं राजकारणावरचं भाषण ऐकताना लागला. झटका नाही, काही नाही, नुसतं दोरी ओल्या फडक्यात अडकल्यासारखी जड झाली. असं जड वाटलं की लगेच हिसडा मारू नका. काठीचं टोक दोन पावलं मागे जाऊ द्या, मग उचला. माझा १७ इंच भरला. मांडीवरच्या जाळीवर माप छापलेलं असतं ते इथे कामी येतं.

मित्राला वायपर लागला. व्हाइट बास आणि स्ट्राइप्ड बास यांचा संकर आहे हा, अंगाने आडवा आणि भलताच दांडगा. त्याने मित्राला ट्यूबसकट गोल फिरवलं. त्यावर मी हसून घेतलं. फिनच्या हसण्याचा हिशोब असा सकाळीच चुकता झाला होता, एवढंच.

वाऱ्याबद्दल मात्र थट्टा नाही. सकाळी डोंगरातल्या घळींमधून थंड हवा खाली उतरते आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे मरीनाच्या काठावरून आत, वाहते. ट्यूबवर बसल्यावर वाराच ढकलत नेत असला की छान वाटतं, दोन काठ्या लावून बसावं आणि जात राहावं. परत यायचं म्हटलं की तोच वारा अंगावर. पाणी उथळ आणि पसरट असल्याने लाटाही पटकन उठतात. माझं फिन गेलं ते अशाच वेळी, जोर लावताना. फिनला घोट्याभोवती बांधायची दोरी असते. "आज काय वारा नाही" म्हणून मी ती गाडीतच ठेवली होती. एका पायाने दहा मिनिटं धडपडल्यावर मित्राने त्याच्या नांगराची दोरी माझ्याकडे फेकली आणि ओढत आणलं. पाऊण तास लागला. म्हणून सांगतो: आधी वाऱ्याच्या विरुद्ध पाय मारत जा. दमाल तेव्हा वाराच तुम्हाला परत आणून सोडेल. वारा काठावरून आत वाहत असेल तर काठाला समांतरच राहा. पांढऱ्या लाटा दिसल्या की गुंडाळा. लाइफ जॅकेट अंगावरच हवं, ट्यूबला अडकवलेलं नको. मी आता फिनचा एक जादा जोड गाडीत ठेवतो, काठावर नवशिका कुणीतरी भेटतोच.

दुपारी आम्ही बाहेरच होतो. ऊन तापलं की ट्यूब वाळूत तशीच टाकू नका. पाण्यात थंड असलेली आतली हवा उन्हात फुगते आणि शिवण उसवू शकते. थोडी हवा सोडा, परत जाताना भरा. आणि चिलटं! सरोवराकाठी या दिवसांत केसांत शिरून चावणारी बारीक चिलटं असतात, नेहमीच्या मलमाला ती फारशी भीक घालत नाहीत. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. विचित्र दिसतं, पण वेडर घालून पाठमोरं चालणाऱ्या माणसाने दिसण्याची काळजी कशाला करावी.

संध्याकाळ कॅटफिशची. पाणी सत्तर फॅरनहाइटच्या पुढे गेलं की ते अंडी घालायला खडकांतल्या कपारी शोधतात आणि नर तिथे राखण करत बसतो. मे अखेरीस ती तयारी सुरू झालेली असते, त्यामुळे बांधाच्या दगडांलगत पाच-सहा फूट पाण्यातही ते येतात. इथे पाय मारायचे नाहीत. दगडांपासून तीस-चाळीस फुटांवर छोटा नांगर टाकायचा, दोरीवर सरकणारं शिसं, एक मोठा गळ, आणि आमिष वासाचं. कॅटफिशच्या मिशांवरच नाही तर अख्ख्या कातडीवर चवीच्या गाठी असतात, तो म्हणजे पोहणारी जीभच. कोंबडीचं काळीज सगळे सांगतात, पण ते गळावर टिकत नाही. मी बाजारातली कोळंबी सोलून, रात्रभर लसूण चोळून नेली होती. युटामध्ये जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे हे लक्षात ठेवा. लायसन्स १२ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतं. कुठला मासा किती ठेवता येतो ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून जा, वॉलाय आणि वायपरची मर्यादा वेगवेगळी असते. मासा किती खावा याचे आरोग्य खात्याचे सल्लेही जलाशयागणिक असतात, तेही वाचा.

पावणेनऊच्या सुमाराला सूर्य मिठाच्या सरोवरात बुडत होता आणि माझी काठी वाकली. आमच्याकडे गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. खाडीत गरवताना शिंगाळा लागला की आजोबा म्हणायचे, याला वर येऊ दे, तू खाली जाऊ नकोस. तेच केलं. २४ इंचांचा निघाला.

"हे तर आपलं मागूरच हाय," मित्र म्हणाला.

मागूर नव्हे, शेपटी दुभंगलेली आहे, शिंगाळ्याच्या चालीचा आहे, यावर आम्ही अंधार पडेपर्यंत वाद घातला.

कॅटफिशला ट्यूबच्या अंगाला टेकू देऊ नका. पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, ते ताठ उभे राहतात आणि वरचं कापड भेदून आतल्या फुग्यापर्यंत जाऊ शकतात. मासा जाळ्यातच ठेवून पकडीने गळ काढा. ठेवायचा असेल तर दोरीला बांधून लांब मागे सोडा. डोक्याला बॅटरी हवीच, आणि गेट किती वाजता बंद होतं ते सकाळी पैसे भरतानाच विचारा.

घरी आल्यावर ट्यूब, वेडर, फिन सगळं धुऊन पार सुकेपर्यंत वाळवा. लेक पॉवेल या जलाशयात क्वागा नावाच्या बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी जो धुमाकूळ घातलाय तो आपल्या ओल्या बुटांतून दुसरीकडे न्यायचा नाही. वॉलायचे तुकडे हळद, मीठ, आगळ आणि तिखट लावून रव्यात घोळवून तळले. पांढरं, घट्ट मांस, काटे जवळजवळ नाहीत. कॅटफिशची कातडी सोलून टाका, पोटाकडची पिवळी चरबीही काढा, नाहीतर चिखलाचा वास येतो. त्याला आमसुलाचं झणझणीत कालवणच बरं.

अंगठ्याचं सांगायचं राहिलं. आकाराने मोठा कॅटफिश सांभाळला, पण नंतर आलेला वीतभर लांबीचा पोरगा सोडून देताना त्याचा काटा माझ्या अंगठ्यात गेला. लहान माशाचा काटा जास्त टोकदार असतो आणि त्याला सौम्य विषही असतं. कोपरापर्यंत ठणका. यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवणं हा उपाय. गरम पाणी नव्हतं. मित्राने घरून थर्मॉसमध्ये आलं घालून चहा आणला होता. झाकणात ओतून त्यात अंगठा घालून मी वीस मिनिटं बसलो, आणि ठणका खरंच उतरला. उरलेला चहा मी त्याला विचारला.

"तूच पी बे," तो म्हणाला.