चिठ्ठीत न निघालेली वही

जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यांत आमचा प्रयोग चालू होता. काही ठिकाणी लूमपाशी वही टांगायची, लूम बंद पडला की वेळ आणि कारण लिहायचं, सकाळी मालक, मुकादम आणि फिटरने त्यावर उभ्याउभ्या बोलायचं. बाकी ठिकाणी नुसती उत्पादनाची मोजणी. कुणाकडे वही जाणार हे सगळ्या मालकांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. हौशी मालकालाच वही दिली, तर उत्पादन वहीने वाढलं की हौसेने, हे कळणार कसं?

त्या दुपारी वही न निघालेल्या एका कारखान्यात गेलो, तर लूमला वही टांगलेली! सुतळीने बांधलेली, कोपरे तेलाने काळे. आत पेन्सिलीने: ‘११.४० दोरी तुटली. १२.१५ लाईट गेली. २.०५ फिटर जेवायला.’ मुकादमांचा शालक आमच्या वहीवाल्या कारखान्यात कामाला. त्याचं ऐकून यांनी आपणहून सुरू केलेली. मुकादम म्हणाले, “दादा, लिखेल ऱ्हायनं ते झगडा व्हत नही.”

सोबतचा तरुण सहकारी हबकला. वही बंद करायला सांगू, नाहीतर तुलनाच संपली, असं त्याचं म्हणणं. मी साफ नकार दिला. ज्या माणसाला स्वतःच्या कामात फायद्याची गोष्ट सापडली, ती आपल्या आकड्यांसाठी काढून घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मग हा कारखाना वहीवाल्यांत धरू, असं तो म्हणाला. तेही नाही. तसं केलं की चिठ्ठ्यांना अर्थ उरत नाही. आपणहून वही घेणारा मुळातच उत्साही, तो त्या गटाचा आकडा फुगवणार. हिशेबात कारखाना चिठ्ठीने ठरलेल्या गटातच राहणार, वही कधी सुरू झाली त्याची नोंद वेगळी. दोन गटांतला फरक त्यामुळे कमी दिसेल. दिसू दे.

मुंबईजवळच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असाच प्रयोग सुरू केला होता, कितीतरी मोठा. व्यवस्थापन सुधारलेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधीच का केलं नाही? मोठं कारण निघालं ते माहितीचं: कित्येकांना या पद्धती ठाऊक नव्हत्या, ज्यांना ठाऊक होत्या त्यांना फायद्याची खात्री नव्हती. इथे ती माहिती शालकाच्या तोंडून, पगाराशिवाय, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये पोचली होती. मला हे उत्पादनाच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

संध्याकाळी आमच्या तक्त्यात नवा रकाना आखला: ‘वहीबद्दल कुणाकडून कळलं?’ आणि उरलेल्या कारखान्यांत तो प्रश्न घेऊन निघालो.