मास्टर दीनानाथांच्या रेकॉर्ड्स : सांगलीतल्या कामाची नोंद, टप्पा दुसरा

सांगली-मिरजेतून जमलेल्या, गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या लाखेच्या रेकॉर्ड्सचं काम साफसफाईतून बाहेर पडून आता सालवारीपर्यंत आलंय. खरी गोची इथेच आहे. बहुतेक संग्राहक लेबल वाचून साल ठरवतात, आणि दीनानाथांच्या बाबतीत लेबल हमखास चकवतं.

'शूरा मी वंदिले' हे पद घ्या. लेबलवर नाटकाचं नाव 'मानापमान'. ते रंगभूमीवर आलं १२ मार्च १९११ रोजी, किर्लोस्कर नाटक मंडळीकडून, आणि तेव्हाचा धैर्यधर, म्हणजे नायक, होता नानासाहेब जोगळेकरांचा. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यात मंगेशीचा. म्हणजे त्या रात्री ते पुरते अकरा वर्षांचेही नव्हते. किर्लोस्करमध्ये ते पुढे आले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बाहेर पडून त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' काढली. तरीही 'मानापमान, १९११' अशी नोंद केलेल्या याद्या फिरत असतात! म्हणून आमच्या वहीत सालाचे तीन रकाने आहेत: नाटकाचा पहिला प्रयोग, मुद्रण, आणि हातातली प्रत कधी छापली ते. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. राहू द्यावा.

मुद्रणाचं साल नेमकं सांगता आलं नाही तरी त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण घालता येतं. 'मर्मबंधातली ठेव ही' किंवा 'शतजन्म शोधिताना' ही पदं सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधली. नाटक १९३१ चं, दीनानाथ गेले २४ एप्रिल १९४२ ला, त्यामुळे मधल्या अकरा वर्षांतच शोधायचं. 'परवशता पाश दैवे' हे वीर वामनराव जोशांच्या 'रणदुंदुभि'तलं, नाटक १९२७ चं. त्याआधीच्या पदांना कान लावावा लागतो. भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणात डग्गा जवळजवळ नसतोच आणि 'स', 'श' बोथट येतात. डग्ग्याची घुमक स्पष्ट असेल तर मुद्रण मायक्रोफोनवरचं, म्हणजे १९२५ नंतरचं. फक्त घासलेली प्रत ऐकून हा निकाल देऊ नये. झिजेत आधी हेच 'स' जातात.

२०१९ च्या महापुरात भिजलेल्या तबकड्यांवर तर लेबलच उरलेलं नाही. तिथे शेवटच्या खाचेच्या आत, लेबलाच्या कडेला कोरलेला क्रमांक बघायचा. खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवा धरला की आकडे उठून दिसतात. गाळ वाळलेला असेल तर घासायचं नाही, कारण त्यातली बारीक रेती खाचेच्या भिंती खाते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोनच थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवून लगेच सुती कापडाने टिपणं. लेबल असेल तर ते कोरडंच ठेवायचं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. लाख त्यात विरघळते आणि आवाज कायमचा जातो.

सुईबद्दल पुन्हा विचारणा होते, म्हणून एकदाच. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ती ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या लाखेच्या रेकॉर्डच्या, रुंद खाचेत तळाला जाऊन कचरा वाजवते. ७८ ला ३ मिल लागते, सुईचं रेकॉर्डवरचं वजन ३ ते ५ ग्रॅम. भोंग्याच्या यंत्रावर खूप वाजलेल्या प्रतीला २.५ आणि ३.५ दोन्ही लावून बघाव्यात. पोलादी पिनेने भिंतीचा एक पट्टा खाल्लेला असतो, जाडी बदलली की सुई त्याच्या वर किंवा खाली, शाबूत जागी टेकते.

वेग हा या टप्प्यातला सगळ्यात वेळखाऊ भाग. ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची, रेघा छापलेली चकती) स्थिर दिसली की वेग मिनिटाला ७७.९२ फेऱ्या. चकतीवर जुना पिवळा बल्ब धरावा. बऱ्याच एलईडी लुकलुकत नाहीत, मग रेघा दिसतच नाहीत. पण यंत्र बरोबर ७८ वर आलं म्हणून गाणं बरोबर पट्टीत आलं असं नाही. जुनी मुद्रणं ७८ वरच झाली असतील याची खात्री नसते. ७८ चे ८२.६ केले की काळी एकची पांढरी दोन होते, म्हणजे साडेचार-पावणेपाच फेऱ्यांत अख्खा अर्धा स्वर. दीनानाथांच्या तानांना मुळातच पल्ला आणि वेग; रेकॉर्ड जरा पळाली तरी कानाला ते त्यांचंच कसब वाटतं आणि चूक लपते. म्हणून तानेवरून वेग लावू नये. पदाच्या सुरुवातीचा साथीच्या पेटीचा स्थिर सूर पकडावा, वेग बदलत तो पेटीच्या जवळच्या पट्टीवर आणावा, मग शब्दांचे उच्चार ऐकावेत. स्वर चिमटल्यासारखे लागले तर वेग जास्त आहे. पुढच्या पिढ्यांनी गायलेली तीच पदं ऐकून पट्टी ठरवणं मात्र सपशेल चूक. ज्याने त्याने ती आपल्या गळ्याप्रमाणे घेतली आहेत.

मुद्रण संगणकावर घेताना फोनो प्रीअँपचा (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) आरआयएए बंद. आरआयएए म्हणजे वाजवताना खर्ज वाढवून तार कमी करणारं ठरावीक वळण, आणि ते १९५४ नंतरच्या एलपीचं आहे. १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतं, आणि पद रजई पांघरून गायल्यासारखं येतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ वेव्ह; तीन मिनिटांच्या बाजूला साधारण १०० एमबी. मोनो रेकॉर्ड स्टीरिओत घ्यायची, कारण खाचेच्या दोन भिंतींपैकी एक नेहमी बरी असते, तीच पुढे ठेवायची. ऑडॅसिटीतलं क्लिक काढणं जपून वापरा. जोर वाढवला की तबल्याची चाट 'क्लिक' समजून कापली जाते.

कागदांच्या बाजूला थोडं हललंय. नाटकाच्या हस्तपत्रकांवर वार-तारीख असते, साल नसतं. 'शनिवार ता. १४ जुलै' हे १९२३, १९२८ आणि १९३४ तिन्ही साली येतं. पत्रकात 'संन्यस्त खड्ग' असेल तर पहिली दोन आपोआप बाद. 'भावबंधन' असेल तर तिन्ही शिल्लक राहतात, कारण गडकऱ्यांचं ते नाटक बलवंतने वर्षानुवर्षं केलं. त्यातल्या लतिकेच्या भूमिकेवरूनच दीनानाथांच्या थोरल्या मुलीचं हेमा हे नाव बदलून लता झालं. अशा वेळी थिएटरचं नाव, तिकिटाचे दर आणि बरोबरच्या नटांची नावं जुळवावी लागतात. पत्रकांना सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही नको. ६०० डीपीआयला स्कॅन करून मूळ पत्रक कागदाच्या फाइलमध्ये सपाट ठेवा.

बोलपटाचा भाग पुढच्या टप्प्यात. बलवंतने सांगलीत सिनेमाचा उद्योग मांडला, १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' काढला, आणि त्यानंतर नाटक मंडळीचा डोलारा फार काळ टिकला नाही. त्या वळणाची सालवारी लावायला चित्रपटाची पुस्तिका आणि त्या सुमाराची हस्तपत्रकं लागतील. कुणाकडे असतील तर पुढच्या पानासोबत मागचं पानही घ्या, मुद्रकाचं नाव तिथेच सापडतं. रेकॉर्डचा फोटो पाठवताना लेबलाइतकाच आतल्या कोऱ्या कड्याचाही हवा, दोन्ही बाजूंचा.