बैलांच्या उतारावर

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून ऑक्सफर्डला निघालो तेव्हा वाटेत ‘रीडिंग’ नावाचे स्थानक लागणार, हे वेळापत्रकात वाचून मला मोठे अप्रूप वाटले होते. विद्यानगरीच्या वाटेवर वाचनाचे गाव असावे, यासारखे समर्पक दुसरे काय! शेजारच्या वृद्ध गृहस्थांशी बोलताना मी तसा उच्चार केला आणि त्यांनी सौम्यपणे ‘रेडिंग’ अशी दुरुस्ती केली. या नावाचा वाचनाशी काहीही संबंध नाही. रेआडा नावाच्या कोणा सॅक्सन पुढाऱ्याची माणसे जेथे वसली, ते हे गाव. मराठी कानाला त्यात रेडा ऐकू येतो खरा, पण गुरांचा मान पुढच्या गावाचा आहे. त्याआधी लागून गेलेल्या स्लाउचा अर्थ चिखलाची, दलदलीची जागा असा, म्हणजे आपली चिखलीच.

ऑक्सफर्ड हे नाव दहाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींत ‘ऑक्सनाफोर्डा’ असे आढळते. त्यातील ‘ऑक्सना’ हे जुन्या इंग्रजीतील षष्ठीचे अनेकवचन आहे, आणि ‘फोर्ड’ म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडण्याजोगी उथळ जागा, जिला आपण उतार म्हणतो. बैलांचा उतार, इतका साधा आणि शेतकरी अर्थ. स्ट्रॅटफर्ड हा रोमन रस्त्यावरचा उतार, ब्रॅडफर्ड हा रुंद उतार, हार्टफर्ड हा सांबरासारख्या हरणाचा. यांपैकी कोणत्याही नावात शेवटचा ‘फोर्ड’ ठसठशीत उच्चारला जात नाही, त्यामुळे मराठीत रूढ असलेल्या ‘ऑक्सफोर्ड’ आणि ‘ऑक्सफर्ड’ या दोन रूपांपैकी दुसरेच तेथल्या बोलण्याला जवळचे आहे.

स्थानकावरून चालत गावाच्या मध्यावर आलो. या चौकाला कारफॅक्स म्हणतात. चार फाटे असलेला, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे ते नाव आले, म्हणजे येथेही भारदस्त नावामागे आपला चव्हाटाच निघाला. चौकातील मनोरा सेंट मार्टिन चर्चचा. बाकीचे चर्च 1896 साली रस्ता रुंद करण्यासाठी पाडण्यात आले. तेथून दक्षिणेकडे उतरत जाताना टाउन हॉल लागतो. नगराच्या मानचिन्हात पाण्याच्या लाटांवर उभा असलेला तांबडा बैल आहे आणि माझ्या दृष्टीने तो त्या दिवशीचा सर्वांत प्रामाणिक मार्गदर्शक होता, कारण गावात ज्यांना मी नावाचा अर्थ विचारला त्यांपैकी बहुतेकांना तो सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागले. रोज तोंडी असलेल्या नावाचे असेच होते. पुण्याला आपण ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ म्हणतो, तेव्हा पूर्वेकडचा बैलउतार कोणाच्याही मनात नसतो. मनात असतात ती महाविद्यालये.

नाव अर्थापासून सुटले की ते कोठेही जाऊन बसते. येथल्या पदवीपुढे लावले जाणारे ‘ऑक्सन’ हे गावाच्या लॅटिन नावाचे संक्षिप्त रूप आहे, तरीही इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात बैलच दिसावेत असा योग जुळून आला आहे. 1209 मध्ये गावकऱ्यांशी झालेल्या रक्तरंजित तंट्यानंतर काही विद्वान येथून निघून केंब्रिजला गेले. त्या गावाचे मूळ नाव ग्रँटा नदीवरचा पूल अशा अर्थाचे होते. पुढे उच्चार झिजत ‘केंब्रिज’ झाला आणि मग गावाच्या नावावरून नदीलाच ‘कॅम’ म्हणू लागले. नदीने गावाला नाव द्यावे, हा सर्वसाधारण क्रम येथे उलटला. दोन्ही विद्यापीठांना मिळून ‘ऑक्सब्रिज’ म्हणतात; उताराचा बैल आणि पलीकडचा पूल जोडून झालेले हे गाव नकाशावर कोठेही नाही.

मूळ उतार नेमका कोठे होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एक पक्ष फॉली ब्रिजच्या परिसराकडे बोट दाखवतो, दुसरा पश्चिमेच्या हिंक्सीकडे. मी फॉली ब्रिज निवडला, कारण तो चालत जाण्याच्या अंतरावर होता. सध्याचा दगडी पूल एकोणिसाव्या शतकातील आहे आणि त्याखालून वाहणारी टेम्स येथे आयसिस या नावाने ओळखली जाते, म्हणजे नदीलाही या गावापुरते वेगळे नाव आहे. नावा वल्हवणारी तरुण मुले पुलाखालून गेली. पाण्याचा तळ काही दिसला नाही, पण काठाशी दोन हंस पाय टेकवून उभे होते, एवढे पाणी तेथे उथळ होते.